फाट्याच्या अलीकडे

"पंक्चर निघेपर्यंत ऐका," सायकलवाले काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या फेरीला निघणारी तीन पोरं दुकानाच्या पायरीवर बसली. बाहेर अंधार पडला होता. "माझ्या ओळखीतला सुतार. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे."

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री जेवण झाल्यावर सुतारानं आपली जुनी, जाड टायरची सायकल बाहेर काढली.

"या वयात? गुडघ्यांना तरी विचारा," बायको म्हणाली.

"विचारलं. नकोच म्हणतात. कायमचंच आहे त्यांचं."

त्याला फाट्यापर्यंत जाऊन यायचं होतं. वर्षापूर्वी लेकीशी भांडण झालं, आणि "जातेस तर परत येऊ नकोस" असं तो बोलून गेला. ती आपल्या बारीक टायरच्या सायकलवर निघून गेली. दिवसभर चालवत राहिली. रात्री ट्रकनं उडवलं, जागीच गेली. त्या दिवशीची तिची वाट तिच्या फोनमधल्या नकाशावर उमटली होती. तिच्या मित्रांनी ती सुताराच्या मोबाइलवर घालून दिली. वाट फाट्याच्या जरा अलीकडे संपत होती. फाट्यावरून डावीकडे घर. उजवीकडे मैत्रिणीचं गाव. ती कुठं वळणार होती, या एका प्रश्नानं त्याची झोप उडाली होती.

फाटा ओलांडून, तिची वाट संपली होती तिथं तो उतरला आणि फाट्याकडे तोंड करून उभा राहिला. रस्ता रिकामा. वारा पडलेला.

"बाळा," तो म्हणाला, "कुठं निघाली होतीस गं..."



मागून टिकटिक आली. पायडल थांबवल्यावर मागचं चाक करतं ना, ती. दिवा नाही. माणूस नाही. टिकटिक त्याच्या शेजारून गेली... जरा रेंगाळली...

डावीकडे वळली.

"रातकिडा असेल, काका," एक पोरगा म्हणाला.

"असेल. सुतार त्या रातकिड्यामागं घरापर्यंत आला."



चढावर पायडल मारावं लागतं, तिथं टिकटिक बंद व्हायची.  धापा टाकत माथ्यावर पोचला, की पुन्हा पुढं टिकटिक... त्याच्यासाठी थांबल्यासारखी. दारापाशी आली.

थांबली.

सायकल रस्त्यावरच टाकून त्यानं दार उघडलं. पुढची खोली म्हणजे त्याचं कामाचं ठिकाण. जमिनीवर दिवसभराचा लाकडाचा भुसा. दिवा लावायला हात धजला नाही.

"ये," एवढंच म्हणाला. दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याबाहेर बसून राहिला.

उजाडल्यावर बायकोनं बोट दाखवलं. भुशात बारीक टायरचा माग. उंबऱ्यापासून आत, लेकीच्या खोलीपर्यंत गेलेला.

परत आलेला नव्हता.