पेटीवरचा स्पर्शलेख

घर हलवायच्या दिवशी घरात थांबायची घरच्यांनाच बंदी होती. खाडीकाठच्या वेळणे गावाला हा नियम आता पाठ झाला होता. भरतीचं पाणी दर वर्षी एक आळी गिळायचं आणि सरकार पुढची आळी उचलून वरच्या उंच सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, नव्या वसाहतीत नेऊन ठेवायचं. प्रत्येक घराला गाडी एकच. तिच्यात काय चढवायचं आणि पाण्याला काय सोडायचं, हे पहिल्या वर्षी घरच्यांनाच ठरवायला सांगितलं होतं. तेव्हा भावाभावांत डोकी फुटली आणि निम्म्या गाड्या रिकाम्या परतल्या. तेव्हापासून हा निर्णय स्पर्शलेखाकडे गेला.

माणूस ज्या वस्तूला हात लावतो, तिच्यावर त्याच्या त्वचेचं तेल आणि त्वचेवरचे जिवाणू मागे राहतात. तेल ठरावीक वेगानं जुनं होतं, त्यावरून हात कधी लागला ते समजतं. जिवाणूंचा मेळ माणसागणिक निराळा, त्यावरून हात कुणाचा ते समजतं. असे थरावर थर चढलेले असतात. हा झाला वस्तूचा स्पर्शलेख. तो वाचणारं यंत्र घरात फिरवलं की सर्वांत जास्त हाताळलेल्या वस्तूपासून खाली अशी यादी तयार होई आणि हमाल त्या क्रमानं गाडी भरत. मध्येच घरच्यांनी यादीवरून हुज्जत घालू नये म्हणून त्यांना सकाळीच सड्यावर पाठवून देत.

लोक तरी काय कमी होते! आदल्या आठवड्यात जो तो चांदीची ताटं आणि काचेची कपाटं कुरवाळत बसे. यंत्र तो ताजा थर शांतपणे बाजूला काढी, आणि वर गाडी उघडली की चांदीच्या आधी सांडशी बाहेर येई.

मृण्मयीनंही आठवडाभर हा उद्योग करून पाहिला होता. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं तिचं त्या काळचं नव्या वळणाचं नाव आता आजीबाईंचं नाव झालं होतं. नवरा तेजस खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या इंजिनावरच्या नोकरीतून निवृत्त झालेला. तिनं घरभर हात फिरवला, फक्त माजघरातल्या वाजवायच्या पेटीला लावला नाही. ती पेटी त्यांच्या मुलीची, इराची. इरा अकराव्या वर्षी तापानं गेली. तेराव्या दिवशी मृण्मयीनं पेटीवर खोळ घातली आणि म्हणाली, यापुढे हिला कुणी हात लावायचा नाही. तेजसनं मान हलवली. त्यानंतर बावीस वर्षांत त्यानं पेटीचं नाव काढलं नाही आणि मुलीचंही नाही. एवढ्या लवकर विसरला, हा सल मृण्मयीच्या मनात तेव्हापासून होता. पेटीच्या खोळीवर धूळ का साचत नाही, हा प्रश्न मात्र तिला कधी पडला नव्हता.

हात न लागलेली वस्तू यादीत तळाला जाणार हे तिला ठाऊक होतं. घर हलवायच्या अर्जावर एक ओळ मोकळी असे. यंत्र काहीही म्हणो, त्या ओळीतली वस्तू गाडीत चढायचीच. तिथे 'पेटी' एवढं लिहिलं की काम झालं असतं. पण अर्ज भरताना तेजस शेजारीच बसला होता, आणि ते लिहायचं म्हणजे बावीस वर्षं मिटलेलं तोंड उघडायचं. मृण्मयीनं घाईघाईनं 'वरवंटा' लिहिलं आणि सही करून मोकळी झाली.

आता सड्यावरच्या शाळेत बाकावर बसून ती हळहळत होती. खाली परक्या माणसांचे हात तिच्या घरात फिरत होते, माजघरात पेटी एकटी उरणार होती आणि पावसाळ्यात पाणी तिथवर येणार होतं. पाट्याशिवाय वरवंट्याचं ती करणार काय होती? दिलेला चहा तिच्या हातात गार झाला. तेजस खिडकीशी उभा राहून खाडीकडे बघत होता. त्याला कसलं काही नाही, असं तिला वाटलं.

दुपारी गाडी शाळेपुढे आली. पहिल्यांदा चहाचं पातेलं उतरलं, मग स्क्रू काढून आणलेली पुढच्या दाराची कडी. तिसऱ्यांदा हमालांचे म्होरके हसीबभाई पुढच्या सीटवरून स्वतः खाली उतरले. त्यांच्या कवेत खोळ घातलेली पेटी होती.

"मागे हादरे फार, काकू. मांडीवर घेऊन आलो," ते म्हणाले.

मृण्मयीनं त्या थकल्या माणसापुढे हात जोडले. तेजस गाडीमागे पातेलं घेऊन उभा होता. तो तिथूनच परस्पर नव्या घरात गेला. यंत्राबरोबर आलेल्या डॉक्टर अन्विता सोमण यादीवर खुणा करत होत्या. मृण्मयी त्यांच्याजवळ गेली.

"तुमचं यंत्र चुकलंय. चुकलं ते बरंच झालं, पण या पेटीला बावीस वर्षं कुणी हात लावलेला नाही."

"काकू, रोज लावलाय," डॉक्टर म्हणाल्या. "सुरांच्या पट्ट्यांवर, उजव्या हाताची चार बोटं. भात्यावर मात्र काहीच नाही, म्हणजे आवाज न काढता कुणीतरी वाजवतंय. थरातल्या ओलाव्यावरून वेळ सकाळची दिसते. नाव सांगायची मला परवानगी नाही."

नावाची गरजच नव्हती. घरात दोघंच, आणि सकाळी मृण्मयी आंघोळीला जायची तेवढा वेळच तेजस एकटा असायचा.

"मुलीची बोटं आहेत का त्यावर?" तिनं विचारलं.

"होती. पण रोज वर बोटं फिरली की खालचा थर झिजतो. कुणीच हात लावला नसता तर सगळ्या पट्ट्यांवर तिचा स्पर्श राहिला असता. आता एकाच काळ्या पट्टीवर आहे, डावीकडून तिसऱ्या. तिला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं नाही."

ती पट्टी मृण्मयीला ठाऊक होती. दाबली की खट्ट वाजायची. न्हाणीघरात ऐकू जाईल म्हणून त्यानं ती टाळली असणार. आधी तिला राग आला. लेकीचं जे काही उरलं होतं, ते या माणसानं रोज थोडं थोडं पुसून टाकलं होतं. मग तिला वाटलं, तो विसरला नव्हता. बावीस वर्षं एकटाच आठवत बसला होता, आणि आपण त्याला एकदाही सोबत केली नाही. राग गेला आणि राहिलं ते त्या परक्या हमालांचं आणि यंत्राचं ऋण. ठरवणं तिच्या हातात असतं तर पुन्हा वरवंटाच वर आला असता आणि पेटी खालीच राहिली असती.

संध्याकाळी तिनं नव्या घरात पेटी मांडली, खोळ काढली आणि तेजसला हाक मारली. तो दारातच थबकला.

"मी भाता मारते. तू वाजव," ती म्हणाली.

तो चोरी पकडली गेल्यासारखा येऊन बसला. सूर बाहेर पडले, कापरे, पण ओळखीचे. मग सवयीनं वरच्या सुरांकडे गेलेली त्याची बोटं परत डावीकडे, खालच्या सुरांवर आली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याचं बोट प्रथमच त्या काळ्या पट्टीकडे वळलं. मृण्मयीनं त्याचा हात धरला.

"ती नको."

"का?"

त्यानं काय पुसलं होतं, हे ती त्याला कधीच सांगणार नव्हती.

"ती इराची आहे," ती म्हणाली.

तेजसनं मान हलवली, आणि ती एक पट्टी सोडून तो वाजवत राहिला.