चौथ्या पातळीवरची खिडकी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, संगणकावरच्या खेळातला, पाठीवर कंदील बांधलेला कोल्हा चौथ्या पातळीवर थांबला आणि जागचा हलेना. त्याला खेळवणारी पोरगी पडद्याकडे नुसती बघत राहिली. काचेपलीकडून खेळ रचणारीने वहीत नोंद केली : खेळाडू थांबतो. सातवा.

कोल्ह्याच्या उड्या तिने रचल्या होत्या. कुठली फळी किती लांब, कुठली कधी कोसळणार, सगळं तिचं. दोन वर्षांची मेहनत. आणि शुक्रवारच्या चाचणीत लोक रमले नाहीत तर खेळ गुंडाळायचा, असं साहेबांनी बजावलं होतं.

ती तडक वरच्या मजल्यावर गेली. खेळाची चित्रं काढणाऱ्याला तिने आजवर पाहिलं नव्हतं. निरोप तेवढे जात-येत. तो खिडकीशी पाठमोरा बसला होता, कोपरापर्यंत निळा रंग.

"चौथ्या पातळीवरची उजेडाची खिडकी काढून टाका," ती म्हणाली. "लोक उडी मारायची सोडून तिथेच बघत बसतात."

तो वळला. चेहरा असा उजळला, की पुढचं वाक्य ती विसरलीच. "किती वेळ?"

"चाळीस सेकंद. हे कौतुक नाही, दोष आहे."

"आणि तुम्ही… कधी थांबलात तिथे?"

नव्हती थांबली. ती पातळी तिने हजारदा ओलांडली होती, पळत.

संध्याकाळी थांबली. खिडकीत एक टेबल, गार झालेला चहा आणि केसांत पेन्सिल खोचून वहीवर वाकलेली मुलगी. तिचा हात आपसूक स्वतःच्या केसांतल्या पेन्सिलीकडे गेला. त्याच्या खिडकीतून खाली, चौकापलीकडे, काय दिसतं, हे तिला आत्ता कळलं…

मग तिला आणखी एक आठवलं. बाहेर पडताना सातही जणांनी विचारलं होतं, आत कोण राहतं? तिच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

खिडकी राहिली. दोन दिवसांत तिने तिथवर जाणारी, जेमतेम जमेल अशी वाट बांधली.

शुक्रवारी खुर्चीवरून कुणी उठेना. एक निवृत्त परिचारिका जेवायलाही उठली नाही, वर बहिणीला बोलावून घेतलं. साहेबांनी गुंडाळायचा शब्द पुन्हा काढला नाही. महिन्याभरात खेळ घराघरांत पोचला. उड्यांबद्दल कुणी फारसं लिहीत नव्हतं. त्या खिडकीमागच्या घरात राहायला मिळेल का, असं मात्र ढिगाने लोक विचारत होते.

चित्रं काढणाऱ्यानेही विचारलं, अडखळत, जिन्यात, वेगळंच काहीतरी.

"उत्तर खिडकीत ठेवलंय," ती म्हणाली. "फक्त तुझ्या मशीनवर. जाऊन घे."

"मला दुसरी पातळीसुद्धा जमत नाही, ठाऊक आहे ना?"

"म्हणूनच."

आज संध्याकाळी साडेसहापर्यंत त्रेसष्ट प्रयत्न झाले. त्रेसष्ट वेळा कोल्हा दरीत. ती शेजारी बसून आहे, मदत करत नाही. खिडकीपुढची शेवटची फळी तिने दुपारीच बोटभर अलीकडे सरकवली आहे, हे त्याला माहीत नाही.

चौसष्टावी उडी. कोल्हा आत्ता हवेत आहे.