मथुराबायच्या जागी

त्र्याऐंशी साली ऑपरेटर मथुराबाय निवृत्त व्हायला आल्या, तेव्हा पोस्टाच्या माडीवरच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या साहेबांना घोर लागला. गावातला कोण कुठल्या वेळी कुठे सापडेल, हे बाईंना तोंडपाठ. डॉक्टर दवाखान्यात नसले, तर त्या नेमक्या दुकानात फोन जोडून त्यांना गाठत. यातलं कागदावर काहीच नव्हतं.

"जाण्याआधी सगळं सुगंधाला शिकवा," साहेब म्हणाले.

सुगंधा नवीनच लागलेली. बाईंच्या शेवटच्या दिवशी त्या दोघी सोडून सगळे खाली चहाला गेले. माडीवर खालच्या बाजारातल्या सुक्या मासळीचा वास आणि बोर्डाची बारीक गुणगुण तेवढी उरली. मथुराबायनी आपला हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि तिचं कपाळ दोन्ही हातांत धरलं. हात ओल्या वाळूसारखे गार.

"सगळां तुका देवन जातंय," त्या हळूच म्हणाल्या. "माज्याकडे कायच ठेवणंय नाय."

दुसऱ्या दिवसापासून सुगंधाचे हात आपसूक चालू लागले. बोर्डावर दिवा लागण्याआधीच तिने फोन जोडायची दोरी उचललेली असे. साहेब खूश झाले.

मग नको ते येऊ लागलं. तिने कधी न सोसलेल्या बाळंतपणाच्या कळा, चितेचा धूर, कुणा पुरुषाची "मथू..." अशी हाक. हेडफोन काढून ठेवला तरी ती हाक कानात राहायची.

घाबरून ती देवबागला मथुराबायच्या घरी गेली. त्या पडवीत बसून होत्या. पुढ्यातली पेज निवून गेलेली.

"माका वळखणा नाय गो," त्यांची मुलगी सावित्री रडत म्हणाली. "घास कसो गिळूचो, तांय इसारली."

सुगंधाने मथुराबायचे हात उचलून आपल्या कपाळाला लावले. "बाय, परत घेवा... माका नको..."

हात निसटून मांडीवर पडले. डोळे तिच्यावर होते, पण त्यांत कुणी नव्हतं.

सावित्रीला उगी करावं म्हणून सुगंधाने तोंड उघडलं.

"रडा नको गो, चेडवा..."

सावित्री दचकून मागे सरली. तो आवाज तिच्या आईचा होता.

सुगंधा तशीच धावत सुटली. मिळाली त्या एसटीने तिन्हीसांजेला घरी पोचली आणि दार ठोठावलं. आपल्या आईच्या कुशीत शिरायचं, एवढंच तिला सुचत होतं.

आईने कंदील वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगबगीने पदर सावरला.

"अगे बाय, मथुराबाय! तुमी? येवा, बसा. आमचां सुगंधा अजून कामावरना येवक नाय."