डबीवरचं हळदीकुंकू

"डबी नाही! देवघरात डबी नाही!" धाकटा भाऊ गोविंद ओरडला, तशी इंदू देवघराकडे धावली.

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत शेजारचे मीरसाहेब लेकीकडे औरंगाबादला गेले, तेव्हा वाडवडिलांची सोन्याची तपकिरीची डबी इंदूच्या बाबांकडे ठेवून गेले होते. "केशवराव, अमानत है," एवढंच बोलले. आणि उद्या ते परत येणार होते!

बाबांनी देवघराचा कोपरा न् कोपरा चाचपला. "आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"दादा, धीर धरा. आबिड्सच्या बाजारातली सगळी दुकानं पालथी घालतो मी," हणमंतकाका म्हणाले. "पोरांनो, तुम्ही उन्हात हिंडू नका बरं!"

इंदूला हायसं वाटलं. काका म्हणजे तिचा जीव की प्राण! पतंग उडवायला शिकवणारे, आईच्या रागापासून वाचवणारे. पण संध्याकाळी काका हात हलवत परतले. "आबिड्सला काहीच नाही."

सकाळी मैत्रीण भामा धापा टाकत आली. "इंदे, आबिड्सला जुन्या वस्तूंच्या दुकानात पाटी लागलीय! 'शौकिनांसाठी नवाबी सोन्याची डबी'!"

"काकांच्या नजरेतून सुटली असेल. चला!" इंदू म्हणाली.

तिघं दुकानात घुसली, तेव्हा एक जाडजूड शौकीन भिंग लावून डबी न्याहाळत होता. तीच डबी!

"खानदानी चीज, साहेब!" दुकानदार सांगत होता. "नवाबाच्या देवडीतून, खास हवेलीतून थेट इथं. मधे कुणाचा हात नाही!"

"मग डबीवरच्या फुलाच्या पाकळ्यांत हळदीकुंकू कसं आलं?" इंदूनं विचारलं.

शौकिनानं भिंग जवळ नेलं. नक्षीच्या खाचांत लाल-पिवळं खरंच दिसत होतं!

"लक्ष्मीपूजनाला आईनं घरच्या सोन्यासोबत हीसुद्धा पाटावर मांडली होती," इंदू म्हणाली. "लक्ष्मी ती लक्ष्मी, शेजाऱ्यांची का असेना, म्हणाली!"

"नवाबाकडे लक्ष्मीपूजन? नको बाबा, पोलिसांचं लचांड!" शौकिनानं काढता पाय घेतला.

दुकानदार मागच्या पडद्याकडे बघून गरजला, "ओ हणमंतराव! बाहर आओ! मेरेकू फसाते क्या?"

पडदा सरकला. काका!

"इंदे, दादाला नको सांगूस," काका पुटपुटले. "तुला मी कधी काही कमी केलं का?"

"काल माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललात तुम्ही!" इंदू ओरडली. गोविंदनं डबी उचलली. दुकानदारानं हात जोडले.

दुपारी मीरसाहेब आले. बाबांनी मान खाली घालून सारं सांगितलं. आई डबीवरचं कुंकू पुसायला लागली, तर मीरसाहेब म्हणाले, "नक्को भाभी, रहने दो. हे तुमच्या घराचं प्रेम आहे." मग त्यांनी डबीत तपकीर भरली. "शाबास, बेटी! तू बापाची इज्जत राखलीस."

गोविंदनं चिमूटभर तपकीर हुंगली आणि फटाफट शिंकत सुटला. सगळे हसले. इंदूचे डोळे मात्र भरून आले.

"तुलाही तपकीर झोंबली का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा," इंदू म्हणाली. "आता काका घरी आले, तर मी त्यांच्याशी कशी बोलू?"

बाबांनी तिला जवळ घेतलं.