धुरातली जोडी

ऐका तर. या शहराच्या अग्निशमन दलातले घोड्यांचे बंब गेले, पितळी घंटा गेल्या, आभाळाला टेकणाऱ्या शिड्या आल्या. पण एक रीत कुणी मोडली नाही. धुरात शिरताना पुढच्याने पाण्याचा पाइप धरायचा आणि मागच्याने पुढच्याचा कमरपट्टा. तोंडावर मुखवटा असताना बोलून श्वास कोण वाया घालवणार? म्हणून मागच्याने मधूनमधून पट्ट्याला दोन हिसके द्यायचे. म्हणजे, आहे रे बाबा मागे, चल तू.

दुसरी रीत अशी की एका घरातले दोघे एका जोडीत घालायचे नाहीत. ती मात्र त्या दुपारी मोडली. कापडाच्या गोदामाचं तळघर पेटलं होतं, माणसं कमी पडत होती, आणि साहेबांनी, ज्याला दलात सगळे पैलवान म्हणत, त्या जवानाच्या मागे त्याचाच मेहुणा दिला.

"या पाहुणे," मुखवटा चढवता चढवता पैलवान म्हणाला, "चहा काही मिळायचा नाही, धूरच घ्या."

हसला खरा, पण मेहुण्याच्या मुखवट्याचे पट्टे त्याने स्वतःच्या हाताने दोनदा आवळून पाहिले. याला काही झालं तर धाकट्या बहिणीला कोणत्या तोंडाने सामोरं जायचं?

खाली डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. कुठेतरी लाकूड तडतडत होतं. पैलवान गुडघ्यांवर सरकत राहिला. मागून हिसके येत होते. दोन. थोड्या वेळाने पुन्हा दोन. त्याच्या जिवाला बरं वाटायचं. त्या भरवशावर त्याने एकदाही हात मागे नेऊन चाचपलं नाही. चुकला तो इथेच.

आग आटोक्यात आली तसा तो पाइपच्या आधाराने परत फिरला. पट्टा मागे ताणलेलाच होता. दाराशी उजेडात आला, तर साहेब ओरडले, "अरे, मेहुणा कुठाय तुझा?"

"हा काय, मागेच..."

मागे कुणीच नव्हतं. आणि पट्ट्याला दोन हिसके बसले.

पैलवानाची बोबडीच वळली. तरीही तो तसाच उलट्या पावली आत घुसला. मेहुणा अगदी टोकाच्या भिंतीशी सापडला. उभा होता, कपाळ भिंतीला टेकलेलं, हात पुढे, मूठ आवळलेली. पैलवानाने त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणला.

"दादा, मी पट्टा सोडलाच नव्हता..." शुद्धीवर आल्यावर तो पुटपुटला. "तुम्हीच थांबत नव्हता. किती खाली उतरलो आपण... पायऱ्या संपतच नव्हत्या."

त्या तळघराखाली काहीच नव्हतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी जमीन ठोकून पाहिली, सगळी भरीव. डॉक्टर म्हणाले, धुराने भ्रम होतो, आणि त्याला घरी सोडलं. पैलवान सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. वाचला एकदाचा पोरीचा संसार!

आठवड्याने बहिणीचा फोन आला. तिचं घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. आवाज अगदी दबका.

"दादा, आमच्या घराला कधी तळघर होतं का रे?"

"वेडी का काय! का गं?"

"हे सकाळपासून पायऱ्या शोधतायत... आत्ता म्हणाले, सापडल्या. चल, दाखवतो म्हणतायत..."

"जाऊ नकोस! ऐकतेस ना? आहेस तिथेच थांब!"

फोनवर आता नुसती तिची चप्पल ऐकू येत होती. एक पायरी. मग तिच्या खालची.