पडद्यामागची सवत

सवतीशी तिची गाठ पडली ती अगदी अवचित, शिवणाच्या दुकानात, मागच्या पडद्याआड चहाचे कप शोधताना.

सवतीला डोकं नव्हतं. हातही नव्हते. लाकडी पायावर उभा असलेला तो एक कापडी पुतळा होता. पण असे पुतळे असतात तसा सुबक नव्हे. कुणीतरी कापसाच्या पट्ट्या लावून, टाचण्या टोचून त्यातून एका खऱ्याखुऱ्या बाईचं अंग घडवलं होतं. आणि दुकानात असं काम करणारा माणूस एकच होता – ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं आणि ज्याला ‘मास्तर’ म्हणून चिडवायला तिला आवडायचं, तो.

ती फिजिओथेरपिस्ट. समोरच्या माणसाचा चेहरा दिसण्याआधी तिला त्याचा कणा दिसायचा. पुतळाही तिनं तसाच वाचून काढला... डावा खांदा वर चढलेला, कंबर एका बाजूला कललेली. एकेक पट्टी काढून पुन्हा लावल्याच्या खुणा होत्या. इतकं निरखून कुणी कुणाला उगाच बघत नाही.

तिच्या लग्नाचा पोशाख तोच शिवणार होता आणि अजून त्यानं तिचं साधं मापही घेतलं नव्हतं. ती हात पसरून समोर उभी राहिली की हा हसून टेप गळ्यात अडकवायचा आणि विषय बदलायचा.

बाहेर त्याची आत्या काजं करत बसली होती. पडद्यामागचं ते माप कुणाचं, असं तिनं आत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आहे एक, त्याच्या फार मर्जीतली,” आत्या मान वर न करता म्हणाली. “तिच्या कामाला मला हातसुद्धा लावू देत नाही.”

झालं. आगीत तेल पडलं.

लग्नासाठी सँडल घ्यायला दोघं निघाली, तेव्हा वाटभर तो बोलत होता आणि ती हं-हं करत होती. लग्नाआधीच कुणी दुसरी असेल, तर आजच मोडलेलं बरं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. नवे सँडल पायात घालून ती उभी राहिली आणि राहवेना म्हणून बोललीच.

“तुझ्या त्या बाईला सांग, व्यायामाची गरज आहे तिला.”

“कुठल्या बाईला?”

“पडद्यामागच्या. रोज एकाच खांद्याला ओझं लावते ती. उभी राहते तीही सगळा भार एका पायावर टाकून. हट्टी असणार... कुणाचं ऐकत नसणार.”

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. “आहे खरी हट्टी,” तो म्हणाला. “पण मला तशीच आवडते.”

तिचे डोळे भरून आले. “मग तिच्याशीच कर ना लग्न.”

“तिच्याशीच तर करतोय –”

ती ताडकन वळली. समोर उभा आरसा होता. आरशात एक रागावलेली बाई होती. डाव्या खांद्याला कामाची जड बॅग, पट्टा घसरू नये म्हणून खांदा वर उचललेला, सगळा भार एका पायावर. जगाचे कणे तपासणाऱ्या बाईच्या दिव्याखाली हा एवढा अंधार! तिचे कान तापले.

“पण माप का नाही घेतलंस?” तिनं आरशातच बघत विचारलं.

“टेप दिसली की तू परीक्षेला आल्यासारखी ताठ होतेस. मग कपडे त्या ताठ बाईला झाले असते... मला तुझे शिवायचे होते. तू चहा पिताना, भांडताना उभी असतेस ना, ते बघून बघून पुतळा केलाय.”

त्यानं तिच्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

“अशानं माझा खांदा सरळ होईल,” ती पुटपुटली. “पोशाख बसायचा नाही.”

“मग उसवीन. पुन्हा बघत बसेन.”

दुकानात परतल्यावर ती आधी मागे गेली आणि तिनं पडदा नीट ओढून घेतला. पुतळा आपलाच, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. तरी यानं त्याच्याकडे इतका वेळ बघत राहावं, हे काही तिला पटत नव्हतं.