मास्तर, मेकॅनिक आणि मी

"टेल मी अबाउट युवरसेल्फ," फोनमधला मास्तर म्हणाला.

मी घसा खाकरला, ओढणी सारखी केली... जणू त्याला दिसणारच होती! आणि सुरू झाले, "माय नेम इज—"

"अहो, जरा सावकाश! कालपासून ऐकतोय, पण तुमचं शिक्षण कुठे झालं ते अजून कळलेलं नाही मला."

आवाज भिंतीतून आला होता. मी दचकून फोन छातीशी धरला. दुरुस्तीसाठी बंद असलेल्या लिफ्टच्या उघड्या दारात, आडव्या फळीपलीकडे एक डोकं हळूहळू वर आलं. पिवळं हेल्मेट, गालावर ग्रीसचा पट्टा आणि दातांत धरलेले दोन स्क्रू.

"दात तुटतील," मी म्हणाले.

पहिल्याच भेटीत कोणी असं बोलतं का? पण माझा नाइलाज असतो. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवते, त्यामुळे माणसाचे डोळे, नाक, केस मला नंतर दिसतात. आई तर म्हणते, स्थळं पाहायला हिला नेऊच नका, ही त्याचं तोंड उघडायला लावेल. याचे दात मात्र छान होते. समोरचा एक किंचित तिरका. कोणी कितीही सांगितलं असतं, तरी तो दात मी सरळ केला नसता.

त्याने स्क्रू खिशात टाकले. "कोणाशी बोलता एवढं?"

"कोणाशी नाही. ॲप आहे ते. इंग्रजी शिकवतं."

लॅबमध्ये नवीन विभाग निघत होता, परदेशातल्या डॉक्टरांसाठी. त्याच्या प्रमुखाची जागा मला हवी होती. कामात मला तोड नाही. हे मीच सांगते, कारण ते खरं आहे. पण त्या डॉक्टरांशी फोनवर इंग्रजीत बोलावं लागणार होतं, मुलाखतही इंग्रजीत, आणि समोर माणूस आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. म्हणून मी फोनमध्ये हा मास्तर ठेवला होता. आत घासायच्या मशीनची घरघर, म्हणून जेवणाच्या सुट्टीत इथे जिन्यापाशी शिकवणी.

"तुमचा मास्तर गोडबोल्या आहे," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही अडखळलात की 'ग्रेट', गप्प बसलात की 'टेक युवर टाइम'. असा साहेब कुठे भेटतो?"

"मग कसा असतो साहेब?"

"उद्या दाखवतो की!"

दुसऱ्या दिवशी तो हत्यारांच्या पेटीवर पायावर पाय टाकून बसला. प्रश्न विचारताना तोंडातल्या तोंडात पुटपुटला. मी उत्तर देऊ लागताच फोनकडे पाहिलं, जांभई दिली आणि मध्येच म्हणाला, "ते राहू द्या. व्हाय यू आर लिव्हिंग धिस जॉब?"

"मी नोकरी सोडत नाहीये, इथेच—"

"मध्ये बोलायचं नाही!"

"अहो, प्रश्न तुम्हीच विचारलात ना?"

"हां! आता हेच इंग्रजीत म्हणा. पण असंच, डोळे मोठे करून."

मी म्हटलं. मोडकंतोडकं, पण म्हटलं! आणि दोघंही इतके हसलो की आतून लॅबच्या सरांनी डोकावून पाहिलं.

"तुमचं इंग्रजी काही फार बरं नाहीये," मी नंतर म्हणाले.

"नाहीच. पण त्याला ब्रेक नाहीत."

"लिफ्टवाल्याने असं सांगावं?"

तो लाजला चक्क. कान लाल झाले. मला फार आवडलं ते.

मग रोजचंच झालं. सकाळी मास्तर, दुपारी मेकॅनिक. मास्तरकडून शब्द शिकायचे आणि मेकॅनिककडे ते खर्च करायचे. मध्येच वरच्या मशीनरूममधून त्याच्या जोडीचे वयस्कर मेकॅनिक, काका, ओरडायचे, "खाली घेतो!" आणि हा बोलणं तोडून ओरडायचा, "खाली घ्या!" त्याशिवाय काका बटणाला हात लावायचे नाहीत.

"तेच परत कशाला म्हणता?"

"मी काय ऐकलं ते काकांना कळायला नको? ते वर, मी खाली. चुकीचं ऐकलं तर माझा पाय जायचा."

त्या पायाची मला अचानक काळजी वाटू लागली. तेव्हाच कळायला हवं होतं मला...

मुलाखतीच्या दिवशी समोर सर, एक बाई आणि पडद्यावर परदेशी डॉक्टर. त्यांचा आवाज तुटत होता. कलर... विंडो... पेशंट... एवढंच कानावर आलं. पूर्वीची मी असते, तर मान डोलावून मोकळी झाले असते. पण मी डोळे मोठे केले आणि म्हणाले, "सर, यू मीन, द टूथ लुक्स डिफरंट निअर द विंडो?"

"एक्झॅक्टली!"

मग काय! दाताचा रंग उजेडात का बदलतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. व्याकरण कुठेकुठे घसरलं, पण मी थांबले नाही. सर म्हणाले, "सोमवारपासून नवा विभाग तुमचा."

मी जिन्याकडे धावले... आणि पाहते तर फळी नाही, पेटी नाही. लिफ्ट चकाचक, चालू. मेकॅनिक गेलेला. रोज भेटत होतो, म्हणून नंबर घ्यायचं सुचलंच नव्हतं. नोकरी मिळाल्याचं मला त्यालाच आधी सांगायचं होतं!

मास्तरला विचारलं, आवडणाऱ्या माणसाला मनातलं कसं सांगावं? त्याने लगेच तीन वाक्यं दिली. तिन्ही शुद्ध, सभ्य आणि कडक इस्त्रीची. मी ॲप बंद केलं, लिफ्टमध्ये शिरले आणि तक्रारीसाठी दिलेला नंबर लावला.

"लिफ्ट अडकली का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही, छान चालतेय."

"मग तक्रार काय?"

"मेकॅनिक न सांगता गेला."

"...कोणता मेकॅनिक?"

"समोरचा दात जरा तिरका आहे तो."

बाई खुदकन हसल्या. "थांबा, पाठवते."

तो जिने चढून, धापा टाकत आला. "कोण अडकलंय आत?"

"कोणी नाही. मला नोकरी मिळाली."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं सोपं झालं. "आणि मला तुम्ही आवडता. अगदी मनापासून."

ब्रेक नसलेल्या माणसाने हेल्मेट काढलं, परत घातलं.

"बोला ना, साहेब."

"काम... परवाच संपलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नुसतं तेल घालत बसलो होतो. आज काकांनी ओढून नेलं. मला वाटलं, तुम्ही आता मोठ्या मॅडम होणार... पण मलाही तुम्हीच आवडता. त्या 'दात तुटतील'पासून."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच बाई. "झालं का काम?"

त्याच्या आधी मी फोन घेतला. "झालं. पण यांना आज परत पाठवणार नाही मी."

"अगं, माझी अजून दोन कामं बाकी आहेत!" तो ओरडला.

अगं म्हणाला! मी त्याचा ग्रीसने माखलेला हात धरला, आणि त्या दोन कामांना उशीर झाला.